लाल म्हणजे अंधार

खटका वाजला आणि अंधार लाल झाला. आधी विजयश्रीला वाटलं, आपण डोळे मिटलेत. उन्हाकडे तोंड करून पापण्या मिटल्या की आत जो लाल दिसतो तसलाच तो होता. मग त्या लालात बादली दिसली, नळाची तोटी दिसली, दाराखालच्या फटीत कोंबलेला टॉवेल दिसला आणि सगळ्यात शेवटी स्वतःचे हात दिसले. डाव्या हातात प्लास्टिकचं रीळ, उजव्या हातात फिल्मची घट्ट गुंडाळी, आणि दोहोंच्या मधे वीतभर उघडी फिल्म, माशाच्या पाठीसारखी चकाकणारी. तिचा रंग कसा असतो हे विजयश्रीला आजवर माहीत नव्हतं. माहीत व्हायचं कारणच नव्हतं. धुण्याआधी ती कुणी बघायचीच नसते.

"आता दिसतंय का गं पोरी?" दारापलीकडून आबाजींनी, तिच्या सासऱ्यांनी, विचारलं. आवाजात कौतुक होतं, थोडं तिचं, बरंचसं स्वतःचं. "चार दिस झालं लाल बल्ब आणून ठिवला व्हता, आज बसिवला. झीरोचा हाय. म्हटलं अंधारात धडपडती, घसरली बिसरली तर आली का पंचाईत."

बंद करा, असं ती म्हणाली. निदान तिला वाटलं की म्हणाली. ओठ हलले, पण घशातून नुसती हवा आली. हात मात्र शहाणे निघाले. त्यांनी रीळ आणि गुंडाळी पोटाशी ओढली, गाऊनच्या घोळात खुपसली, आणि घारीची सावली पडली की कोंबडी पिलांवर बसते तशी ती त्यांच्यावर वाकून बसली. तरी डोक्यातलं कुणीतरी मोजतच होतं. एक, दोन, तीन, चार. फोटो घेताना सेकंद मोजायची जुनी खोड, ती अशा वेळीही सुटेना. सातव्या आकड्याला आवाज फुटला. "बंद करा, आबा."

पुन्हा खटका. पुन्हा काळोख. सात.

"का गं? लाल हाय त्यो," आबाजी म्हणाले. आता आवाजात कौतुक नव्हतं, नुसतं नवल होतं. "लालनं काय व्हत न्हाई."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, हेच तर भयंकर होतं. आबाजी आकुर्डीचेच, जमीन कारखान्यांत गेलेल्या घरातले. पण मिळालेल्या पैशांवर बसून न खाता त्यांनी भोसरीच्या एका शेडमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली. मशिनांवर ज्या पत्र्याच्या नावपट्ट्या असतात, प्रेशरच्या घड्याळांना ज्या तबकड्या असतात, त्या तिथं व्हायच्या. मोठाल्या कागदावर काढलेली अक्षरं भल्यामोठ्या कॅमेऱ्यानं लहान करून फिल्मवर घ्यायची आणि ती फिल्म लाल दिव्याखाली धुवायची. त्या फिल्मला लाल दिसतच नसे. एकतीस वर्षं आबाजी लाल उजेडात वावरले, लाल उजेडात डबा खाल्ला. मटाराची उसळ तिथं काळी दिसायची, असं ते अजून सांगतात. शेडमध्ये कुणी 'अंधार करा रे' म्हटलं की पांढरा दिवा जाऊन लाल लागायचा. लाल म्हणजे अंधार. आज दुपारी तिनं लेकीला, उतूला, त्यांच्या कडेवर देताना सांगितलं होतं, "आबा, पंधरा मिनिटं बाथरूमची लाईट लावू नका हं, काही झालं तरी," आणि ते समजुतीनं हसले होते, एका कारागिरानं दुसऱ्याकडे बघून हसावं तसं. त्यांनी लाईट लावलीच नव्हती. त्यांनी तिच्यासाठी अंधार केला होता.

आणि ही फिल्म तर लालासाठीच जन्माला आलेली. साधी काळी-पांढरी फिल्म माणसाच्या डोळ्याइतकंच बघते. ही त्याच्या थोडी पुढं, लाल संपून काळं सुरू होतं तिथंही जरा वेळ बघत राहते. चाकणच्या लॅबमध्ये तिच्याबरोबर काम करणाऱ्या धम्मरत्ननं तिला हे सगळं शिकवलं होतं. दोघं तुटलेल्या गिअरांचे, चिरलेल्या शाफ्टांचे फोटो काढायचे, तडा नेमका कुठून सुरू झाला ते शोधायचे. आपला धंदा डाग शोधायचा, असं तो म्हणायचा. नोकरी सोडताना त्यानं आपला जुना कॅमेरा, हा एक रोल आणि एक फिल्टर तिच्या हातात ठेवला. फिल्टर कसला, काळ्या काचेची चकती. दिव्यासमोर धरली तर आत कुठंतरी विस्तवाचा शेवटचा निखारा असावा तसं लाल जाणवायचं, बाकी डोळ्यांना ठार काळी. "ही लावली की झाड पांढरं होतं, आभाळ काळं होतं," धम्मरत्न म्हणाला होता, "आणि माणसाच्या कातडीवरचं सगळं निघून जातं. तीळ, वांग, डाग, सगळं. दुधासारखी होते." तो सहज बोलून गेला. विजयश्रीच्या मनात मात्र ते शब्द उन्हात पडलेल्या काचेसारखे चमकत राहिले, कारण तिच्या आईच्या तोंडावर कोड होतं.

ती उपड्या बादलीवर बसून राहिली. बाहेर उतू रडायला लागली. खटक्यामुळं असेल, नाहीतर भुकेनं. त्या रडण्यासरशी छातीत कळ आली आणि पान्हा फुटला, गाऊन ओला झाला, आणि तिनं घाबरून फिल्म पोटापासून दूर धरली. ओलं चालत नाही. ओलं लागलं की फिल्म रिळात चिकटते, पुढं सरकत नाही. म्हणजे जळाल्यावरही ती तिला ओल्यापासून वाचवत होती. बोटं आपोआप काम करू लागली. डावीकडे एक झटका, उजवीकडे एक झटका, फिल्म रिळाच्या खाचांत सरकत राहिली. आता घाई कसली? आणि तरी मन हिशेब मांडतच होतं. उजेड आला तेव्हा निम्मी फिल्म रिळावर होती, निम्मी गुंडाळीत. वरचे वेढे तर गेलेच. मधला उघडा तुकडा गेला. पण वेढ्याखाली वेढा असतो. रिळाच्या अगदी पोटात पहिले फोटो, गुंडाळीच्या अगदी गाभ्यात शेवटचे. मधले, पंचवीस-तीस फोटो, ते मधलेच तर आईचे होते.

तळेगावात आईच्या, म्हणजे दुर्गाबाईच्या, घरी आईचा गेल्या वीस वर्षांतला एकही फोटो नाही. म्हणजे आता एक आहे, पण तो आईचा नाही. विजयश्री सातवीत असताना आईच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात तांदळाएवढा पांढरा ठिपका आला आणि दोन वर्षांत तो हनुवटीवर, डोळ्यांभोवती, मानेवर पसरला. तेव्हापासून आई फोटोसमोर उभी राहिली नाही. उन्हात छत्री, माणसांत पदर. हळदीकुंकवाची बोलावणी आधी उशिरा यायला लागली, मग यायचीच बंद झाली. विजयश्रीच्या लग्नात तिनं फोटोवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, "मला धरू नका हो दादा फोटोत," आणि घरच्यांच्या फोटोत ती कुणा पाहुण्याच्या फेट्याआड अशी उभी राहिली की त्या फेट्याच्या मागं कुणी आहे हे फक्त सांगितल्यावर कळतं. आधारकार्डाच्या वेळी पदर काढायला लावला, तर घरी येऊन ती दिवसभर जेवली नाही. हे सगळं विजयश्री सांगू शकते, सगळ्यांना सांगते. एक सांगत नाही. सातवीतच, गॅदरिंगच्या आदल्या दिवशी, ती आईला म्हणाली होती, "तू नको येऊ. बाबांना पाठव." आई चपातीचं पीठ मळत होती. तिनं "बरं" म्हटलं. फक्त "बरं". बाबा काच कारखान्यातून रजा काढून आले, पुढच्या रांगेत बसले, आणि नाचताना विजयश्रीला सारखं वाटत राहिलं की मागं दाराशी एक छत्री मिटून कुणीतरी उभं आहे. कुणी नव्हतं. वीस वर्षं झाली, ती अजून त्या दाराकडं बघते.

म्हणून गेल्या फाल्गुनात, उतू पोटात सहा महिन्यांची असताना, ती कॅमेरा घेऊन लोकलनं तळेगावला गेली. आईला तिनं ती काळी काच दाखवली. "ह्यातून काढला की डाग दिसत नाहीत. एकही नाही." आईनं चकती हातात घेतली, डोळ्याला लावली, काढली, पुन्हा लावली. "मला तर काहीच दिसत नाही यातून," ती म्हणाली. मग हसली. "तुझ्या बापानं जन्मभर काच केली गं. असली एक नाही केली मेल्यानं." बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि आई त्यांना प्रेमात आली की मेला म्हणायची.

मागच्या परसात उंबर आहे. उन्हात आईची कातडी भाजते म्हणून खुर्ची उंबराखाली ठेवली. आई आत केस विंचरत होती तोवर विजयश्रीनं मोकळ्या खुर्चीचेच चार-सहा फोटो घेतले, अंदाज यावा म्हणून. सावलीत त्या काचेतून एकेका फोटोला अख्खा सेकंद लागत होता. मग आई आली. हिरव्या काठाची साडी, आणि डोक्यावर पदर नाही. आईचं डोकं, भांग, कान, मान असं सगळं उघड्यावर बघून विजयश्रीलाच कसंतरी झालं, परक्या बाईला न्हाताना बघितल्यासारखं. "श्वास धर आई. पापणी हलवू नको. मी एक म्हटलं की संपलं." आई गंभीरपणे बसली, हात मांडीवर. या काचेची गोम अशी की आधी तिच्याशिवाय बघून नेम धरायचा आणि मग ती लावायची. एकदा लावली की कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. म्हणजे विजयश्रीनं आईचे जवळजवळ तीस फोटो घेतले आणि एकदाही तिला कॅमेऱ्यातून बघितलं नाही. ती कॅमेऱ्याच्या वरून बघायची, आईही काचेकडं न बघता तिच्याकडंच बघायची, आणि मधल्या त्या सेकंदात, एक म्हणेपर्यंत, दोघी एकमेकींकडं अशा बघायच्या, जसं जन्मात कधी बघितलं नव्हतं. एकदा आई मधेच बोलली, ओठ न हलवता, "बाळ लाथा मारतंय का?" आणि तो फोटो हलला असणार. असणार. आता कोण सांगणार?

शेवटचा एकच फोटो उरला तेव्हा आई म्हणाली, "आता ती काच काढ."

"कशाला? एकच राहिलाय."

"म्हणूनच. ते सगळे भिंतीवर लावायला, लोकांना. हा तुझा. तुझी आई कशी होती ते तुझ्याजवळ असू दे." मग बोट वर करून, लहानपणी बजावायची तसं, "कुणाला दाखवायचा नाही पण. तुझ्या भावाला, प्रितमला पण नाही. शपथ घे." विजयश्रीनं शपथ घेतली, काच काढली, खटका दाबला. आणि हे आज, या काळोखात, बादलीवर बसून कबूल करायला हवं: तिनं तो नीट काढला नव्हता. फुकट गेला एक फोटो, असंच तिच्या मनात आलं होतं. उशीर होत होता, पाच पन्नासची लोकल होती, पाठ दुखत होती. आईनं पदर सोडून, काच सोडून, सगळं सोडून स्वतःला तिच्या ओंजळीत घातलं आणि तिनं ते एस्टीत कुणी पेरूची फोड देतं तसं घेतलं.

तीन आठवड्यांनी आई गेली. सकाळी प्रितमचा, धाकट्या भावाचा, फोन आला तेव्हा ती कुकर लावत होती. तिला कुणी नेलं नाही. पोटुशीनं मयत बघू नये. गणराज, तिचा नवरा, चाकणहून पहिल्या शिफ्टमधून निघून परस्पर गेला; आबाजी गेले, पण पोचले तेव्हा चिता पेटली होती; ती आकुर्डीत चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी राहून रेल्वेचे रूळ बघत राहिली. दहाव्यालाही नाही, तेराव्यालाही नाही. बाळाला बाधेल. सगळे मायेनं सांगत होते, म्हणून भांडताही आलं नाही. तेराव्याचा फोटो प्रितमनं मोबाईलवर पाठवला तेव्हा तिनं भिंतीवरचा तो फोटो पहिल्यांदा बघितला. आधारकार्डावरून तळेगावच्या एका दुकानात मोठा करून घेतलेला. दुकानदारानं मनानंच चेहरा साफ केला होता, ओठांना गुलाबी लावलं होतं, मागं निळं आभाळ टाकलं होतं. हार घातलेली एक गुळगुळीत बाई. "ही कोण?" तिनं प्रितमला विचारलं. तो म्हणाला, "ताई, असं नको ना बोलू. डाग काढलेत फक्त." डाग काढलेत फक्त. आणि तू काय करायला गेली होतीस गं विजे, काळी काच घेऊन? हा प्रश्न तिला तेव्हाच पडला आणि मग वर्षभर, उतूला पाजताना, लंगोट धुताना, मऊ भात कालवताना पडत राहिला. त्याचं उत्तर त्या रोलमध्ये होतं. तिच्या काचेतून निघालेली आई ही बाई असेल की आई असेल? धुतल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि म्हणूनच ती धूत नव्हती. वेळ नाही, रसायनं महाग, बाळ झोपत नाही, ही सगळी कारणं खरी होती आणि त्यांच्याखाली हे होतं. न धुतलेल्या रोलमध्ये आई अजून बसलेली होती, श्वास धरून, एक म्हणायची वाट बघत.

येत्या रविवारी वर्षश्राद्ध. प्रितमनं नात्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की ताईनं आईचे खास फोटो काढलेत, ते निळ्या आभाळाचं काढून आता खरा लावायचा. आज शुक्रवार.

तिनं रीळ फिल्म धुण्याच्या उजेडबंद डब्यात ठेवलं आणि झाकण फिरवून घट्ट केलं. आता उजेड चालतो. दार उघडलं तर आबाजी तिथंच उभे होते, उतू कडेवर, तिला चष्म्याची दोरी खेळायला दिलेली.

"खराब झालं व्हय गं?"

"बघू," ती म्हणाली. "ही फिल्म लालच बघते, आबा."

विजयश्रीला दिसलं की आबाजींना कळलं. दुसऱ्या कुणाला समजावायला तास गेला असता, त्यांना चार शब्दांत कळलं, आणि ते कळणं त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी उतरावं तसं खाली उतरत गेलं. "लाल बघती," ते स्वतःशी म्हणाले. "आशी बी आस्ती व्हय." त्यांनी उतूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले.

फ्रिजमधून तिनं रसायनाची बाटली काढली. दुधाच्या पातेल्याशेजारी, मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलेली. मार्चातलंच पाणी, पण नळाला कोमट येत होतं. पातेल्यात बर्फ घालून ते गार केलं, रसायनात मिसळलं. ओतलं. डबा उलटा, सुलटा, उलटा, सुलटा. अकरा मिनिटं. उतूला खुळखुळा हलवतो तसंच. मधेच उतूनं गॅलरीतून बघितलं आणि आई आपल्यासाठीच काहीतरी हलवतेय असं समजून हसली, खालचे दोन दात दाखवत. विजयश्रीही हसली. हे कसं जमतं, तिला समजेना. आत सगळं कोसळत असताना तोंड हसतं, हात अकरा मिनिटं बिनचूक मोजतात, छातीतून दूध येतं. शरीर कुणाचं तरी इमानी नोकर असल्यासारखं काम करतं, घरात मयत झाली तरी चहा टाकणाऱ्या बाईसारखं.

शेवटचं पाणी ओतलं आणि तिनं बाथरूमच्या दोरीला, उतूच्या झबल्यांशेजारी, फिल्म चिमट्यानं टांगली. वरपासून खाली बघत गेली. पहिले चार फोटो कडेनं भाजलेले, पण होते. उलट्या रंगात उंबराची पानं काळीकुट्ट, म्हणजे छापली की पांढरी होणार, चुन्यानं लिंपल्यासारखी. आणि त्याखाली खुर्ची. मोकळी. पाचवा धुकट. सहाव्यापासून काळं. नुसतं काळं नाही, दाट, डांबरासारखं, खिडकीसमोर धरलं तरी ज्यातून काही येत नाही असं. फिल्मवर काळं म्हणजे उजेड. सात सेकंदांचा तो लाल उजेड आईच्या प्रत्येक सेकंदावर येऊन बसला होता. कुठं कानाची कड, कुठं खुर्चीचा पाय, मग तेही नाही. तिनं बोट लावत लावत खाली नेलं. वीस. पंचवीस. तीस. खाली खाली काळं जरा विरळ होत गेलं, आणि अगदी टोकाशी, गाभ्याच्या चिकटपट्टीला लागून, छत्तिसावा फोटो स्वच्छ उभा होता.

काच काढलेला. डागांचा. शपथेचा.

आई समोर बसली होती. उलट्या रंगात तिचे डाग काळे होते आणि उरलेला सावळा चेहरा उजळ. हनुवटीवर, ओठाच्या कोपऱ्यात, डोळ्यांभोवती काळी बेटं. तो इतका नेमका आला होता की मानेवरच्या मोहनमाळेचे मणी मोजता आले असते. निष्काळजीपणानं काढलेला, कंटाळ्यानं काढलेला, आणि तरी. आई हसत नव्हती. ती विजयश्रीच्या पोटाकडं बघत होती. विजयश्रीला हे त्या दिवशी दिसलंच नव्हतं. ती कॅमेऱ्यात बघत होती आणि तिच्या मनात लोकल होती.

ती फरशीवर बसली. म्हणजे आता हेच. भिंतीवर लावायचे सगळे गेले आणि जो कुणाला दाखवायचा नाही तो राहिला. रविवारी पुन्हा ती निळ्या आभाळाची बाई हार घालून घेणार. आणि बाहेर तो म्हातारा.

"काय आलं का गं?" आबाजींनी दाराबाहेरून विचारलं. आत डोकावले नाहीत.

आला म्हटलं तर दाखवावा लागेल. नाही म्हटलं तर... तिनं आईचं ऐकलं. "नाही आबा. सगळं गेलं."

पावलं दारापासून लांब गेली. पलंग करकरला. मग त्यांचा आवाज आला, उतूशी बोलायचा तो खालचा, गोड लावलेला आवाज, "उतूबाई, ओ उतूबाई. तुजी आजी पुसली गं तुज्या आज्यानं. दिवा लावला आन् पुसली." उतू खिदळली, तिला आवाजाचा सूर आवडला असावा. "व्हय की. हासा. हासा."

विजयश्री उठली. शेवटचा फोटो अजून ओला होता. कात्रीनं तिनं तेवढाच तुकडा कापला, कडांनी धरला आणि बाहेर नेऊन आबाजींच्या पुढं केला. त्यांनी उतूला गादीवर ठेवलं, हात धोतराला पुसले, तुकडा घेतला. बोटं फक्त कडांना, मधे कुठं स्पर्श नाही, एकतीस वर्षांची रीत. खिडकीकडं वळले. दुसऱ्या कुणाला त्यात उलटा, भुतासारखा चेहरा दिसला असता. आबाजींना नेगेटिव्ह सुलटा वाचता येतो, आपण पेपर वाचतो तसा.

"येकच ऱ्हायला?"

"हो."

ते बघत राहिले. चष्मा कपाळावर सरकवला, तुकडा डोळ्याजवळ नेला. मग त्यांनी नजर बाजूला घेतली, चुकून कुणाच्या घराचं दार ढकललं गेल्यासारखी. "पाच वर्सं झाली सोयरिकीला," ते म्हणाले, "विहीणबाईंचं तोंड मी आज बघतोय."

"तिनं शपथ घातली होती, आबा. कुणाला दाखवू नको म्हणून."

"मग मला का दावलास?"

तुम्ही पुसली नाहीत एवढं कळावं म्हणून, असं तिला म्हणायचं होतं, पण ते ओठावर येईना. आबाजींनी तुकडा परत तिच्या तळहातावर ठेवला, पालथा. "आमच्या फिल्मवर करडं नसायचंच," ते म्हणाले. "काळं न्हाईतर पांढरं. ह्यात किती करडं हाय बघ."

फोन वाजला. पडद्यावर प्रितमचं नाव. ती हात पुढं करणार तोवर आबाजींनी तो उचलला आणि गॅलरीत गेले. दार ओढून घेतलं तरी आवाज येतच होता. म्हातारी माणसं फोनवर लांबच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्यानं बोलतात. "हां, प्रितम, मी आबाजी. ती पोरीला पाजतीया. फोटूचं व्हय? ... न्हाई आलं काय. ... येक बी न्हाई."

विजयश्रीनं उतूला मांडीवर घेतलं आणि खरंच पाजायला लावलं, सासऱ्यांचं बोलणं खोटं पडू नये म्हणून. पलीकडं प्रितम एकटा नव्हता. विजयश्रीच्या काकूंचा आवाज वर चढलेला इथवर येत होता. वर्षभर ठेवून ठेवून शेवटी. एवढं एक काम. आबाजी मधे मधे "व्हय" म्हणत होते.

"तिचा काय दोष न्हाई. मी दिवा लावला. ... म्हायती हाय की, त्याच कामात जलम गेला माजा. तरी लावला. ... म्हण की म्हातारचळ, म्हण. ... रविवारी येतो मी. काय बोलायचं त्ये तवा माज्या तोंडावर बोला, तिला न्हाई."

ते येतील. विजयश्रीला आत्ताच दिसत होतं: निळ्या आभाळाखाली हार घातलेली ती गुळगुळीत बाई, समोर पाट, पानं मांडलेली, आणि दाराशी जोड्यांपाशी उभे आबाजी, कुणी या-बसा न म्हटलेले, टोपी हातात. जाणारी-येणारी प्रत्येक बाई त्यांच्याकडं बघणार. आणि ते तिथं उभे राहतील, कारण त्यांना माहीत असेल की ती बाई खोटी आहे आणि खरी कुठं आहे, आणि हे त्या घरात फक्त दोघांनाच माहीत असेल. वीस वर्षांपूर्वी ज्या दाराशी कुणी उभं नव्हतं, तसल्याच एका दाराशी.

उतूनं दूध सोडलं आणि डोकं मागं टाकून तिच्या हाताकडं बघितलं. विजयश्रीनं तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरला, कडांना बोटं लावून. उतूला दाखवलेलं, कुणाला दाखवलेलं होत नाही. उतू बघू लागली. ओठांवर दुधाचा थेंब, डोळे मोठे, श्वाससुद्धा धरल्यासारखा. बाहेर आबाजी सांगत होते, "व्हय बाबा, मीच. लाल दिवा. मीच." आणि आत विजयश्री, ओठ न हलवता, मोजत होती. एक. दोन. तीन. चार. आणि अजून उतूनं पापणी हलवली नव्हती.